पुंजाजीची निरगाठ

मोताळ्याच्या पुंजाजींनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात एकदाही निरगाठ मारली नव्हती. त्यांना ती मारताच येत नसे.

गाठी दोन जातींच्या. निरगाठ ओढाल तितकी घट्ट बसते. सुरगाठीचे एक टोक मोकळे असते. ते धरून ओढले की गाठ सुळकन सुटते. पुंजाजी आठ वर्षांचे असताना शेजारच्या गोठ्याला भर दुपारी आग लागली. ती त्यांच्या गोठ्यावर आली तेव्हा त्यांच्या वडिलांनी एकेका दाव्याचे टोक ओढत सात जनावरे एका दमात मोकळी केली. शेजाऱ्याच्या दाव्यांना मात्र विळा लावावा लागला. त्या दिवशी वडिलांनी पोराला समोर बसवून सांगितले, "जीव असलेल्या कोणालेच निरगाठ मारायची नाई." पोराने ते ऐकले, आणि जीव असलेले व जीव नसलेले यांत पुढे कधी फरक केला नाही.

त्यामुळे पुंजाजींनी बांधलेली प्रत्येक वस्तू केव्हा ना केव्हा सुटली. मलकापूरला नेलेल्या लाडवांचे गाठोडे एसटीत सुटले आणि लाडू चालकाच्या पायापर्यंत गेले. पोत्यांची तोंडे वाटेत उघडली. शेजारच्या पुष्पाबाईंची शेळी त्यांनी एकदा खुंट्याला बांधली, तर तिने लोंबते टोक दातात धरून ओढले आणि ती चालती झाली. तेव्हापासून ती शेळी पुंजाजींच्या दारावरून जाताना दिसेल ते टोक ओढून पाही. त्यांच्या पायजम्याच्या नाड्याविषयी घरात कोणी बोलत नसे, कारण पुष्कळ बोलून झाले होते.

असे असूनही दोराच्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस आसपास नव्हता. पोळ्याच्या आधी महिनाभर त्यांच्या ओसरीवर लोकांची रीघ लागे. कासरे, वेसणी, बैलाच्या कपाळावर बांधायच्या गोंड्यांच्या माथोट्या. सगळे गुलाबी नाहीतर हिरवे, मध्ये आरसा आणि खाली घुंगरू. पण गावात ट्रॅक्टर वाढले. त्यांच्या मुलाने, गजेंद्रनेही घेतला. चार वर्षांपूर्वी घरची शेवटची बैलजोडी गेली आणि गोठ्यात सून अनुपमा हिची स्कूटी उभी राहू लागली. पुंजाजी रोज संध्याकाळी स्कूटीला दावे लावीत. मोकळ्या खुंट्याकडे बघवत नाही, असे ते म्हणत. अनुपमा सकाळी टोक ओढून स्कूटी सोडी आणि शाळेत जाई. ती गावातल्याच एका इंग्रजी शाळेत शिकवायची.

आता त्यांच्या लग्नाची गोष्ट. ती सांगायची मक्तेदारी रुखमाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. घरी पाहुणा आला की पाणी, मग चहा, मग ही गोष्ट, असा शेहेचाळीस वर्षांचा क्रम होता.

"लग्न लागलं रोहिणखेडले, माह्या बापाच्या दारी," त्या सुरू करीत. "करवलीनं शेल्याची अन् शालूची गाठ मारली. चांगली निरगाठ. हे तिकडं मंगलाष्टकं चालू असतांनी खाली हात घालून ती गाठ सोडून राह्यले! म्या हळूच इचारलं, काय करता जी? तं म्हणतात कसे, जिवाले निरगाठ मारू नये. अन् मारली आपली सुरगाठ. झालं. फेरे सुरू झाले. तिसऱ्या फेऱ्याले माहा पाय पडला टोकावर. गाठ सुटली, हे गेले तिकडं अन् मी राह्यली इकडं. यायले पत्ताच नाई! एकटेच फिरून राह्यले होमाभोवती, बिनाबैलाच्या गाडीवानी. पूर्ण एक फेरा! गुरुजी म्हणे, अरे नवरी कुठी हाये?"

इथे पाहुणे हसत. हसणे ओसरले की पुंजाजी आपल्या जागेवरून एकच वाक्य बोलत.

"दुसरी तर टिकली ना?"

कारण गुरुजींनी पुन्हा गाठ मारायला सांगितल्यावर पुंजाजींनी पुन्हा सुरगाठच मारली होती, पण मनापासून. ती गाठ उरलेल्या फेऱ्यांत टिकली, वरातीत टिकली, आणि घरी आल्यावर सुटेना म्हणून पुंजाजींच्या आईला कात्रीने कापावी लागली. मन लावून मारली तर सुरगाठही कात्रीशिवाय ऐकत नाही, याला पुंजाजींकडे हा एवढाच पुरावा होता. रुखमाबाई त्यावर काही बोलत नसत. कपबशा गोळा करून आत जात.

गेल्या डिसेंबरात अनुपमाच्या शाळेत ख्रिसमसची तयारी सुरू झाली. प्रत्येक शिक्षिकेने हाताने केलेली एक वस्तू आणायची होती. चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला तारा आला, कुणाला घंटा. अनुपमाला आला स्नोफ्लेक. नमुना म्हणून मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात एक बाई पांढरी दोरी कडीत ओवून, गाठी मारत मारत सहा पाकळ्यांचे फूल करीत होती.

शनिवारी, तेरा तारखेला, अनुपमाने तो व्हिडिओ सासऱ्यांपुढे धरला. त्या वेळी त्यांचे बालमित्र वहाबभाई ओसरीवर बसले होते. वहाबभाईंचे बाजारात दोर-सुतळीचे दुकान. शनिवारचा चहा ते इथेच पीत.

"बाबा, हे तुम्हाला जमेल?"

पुंजाजींनी मोबाइल हातभर लांब धरला. "जमाले काय झालं? माथोटीच हाये ही. कोणत्या बैलाची?"

"बैलाची नाही, बाबा. हे बर्फाचं फूल आहे. तिकडे थंडीत आकाशातून पडतं."

"आभाळातून बर्फ?" पुंजाजींनी मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे गार! गारपीट!"

"गार नाही हो. मऊ असतं."

"मऊ असो का कडक. माहा हरभरा घाट्यावर हाये. गव्हू पोटऱ्यात हाये. अन् म्या गार करून टांगू?"

वहाबभाईंनी बशीतला चहा संपवला. "काय जमाना आला बे पुंजा. आपल्याकडं आसमानातून बर्फ पडला का आपण तलाठ्याले बोलावून पंचनामा करतो. अन् हे लोक दाराले टांगतात."

"अशानं आभाळाले वाटते, यायले पाह्यजे असन," पुंजाजी म्हणाले.

शेवटी अनुपमाने त्याला स्नोफ्लेक म्हणायचे सोडून फूल म्हणायचे कबूल केले, तेव्हा काम सुरू झाले. वहाबभाईंनी बावीस हात पांढरी सुती दोरी दिली. कडी मिळाली गेलेल्या जोडीच्या पितळी साजातून. पुंजाजी तीन दिवस ओसरीवर बसून होते. पोळ्याशिवाय त्यांना कोणी काम सांगितले, असे चार वर्षांत झाले नव्हते. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला नाही. त्या बाईने दोरी कापून तुकडे केले होते, ते त्यांना मुळीच आवडले नव्हते. चांगला दोर कापायचा नसतो. त्यांनी अखंड बावीस हातांत, एकही तुकडा न करता, सहाही पाकळ्या गुंफल्या.

मंगळवारी सकाळी फूल तयार झाले. फूल सुरेख होते. मध्ये आरसा होता, खाली घुंगरू होते, आणि सहाही टोकांना गुलाबी गोंडे होते.

"बाबा, बर्फ पांढरा असतो."

"पांढरं कोणी बांधते का? गुलाबी दुरून दिसते."

अनुपमाने गुलाबी गोंडे कापायला घेतले, तेव्हा पुंजाजी गोठ्यात जाऊन स्कूटीजवळ बसले. उरलेले फूल घेऊन ती शाळेत गेली. आणि दुपारी अडीचला परत आली ती हातात एक पिशवी घेऊन. पिशवीत बावीस हात सरळ, स्वच्छ दोरी होती, आणि तिच्यावर पितळी कडी, आरसा आणि घुंगरू.

झाले होते असे. मुख्याध्यापिका मॅडमना फूल फार आवडले. हे विणले कसे म्हणून त्यांनी ते उलटसुलट केले. खाली एक टोक लोंबत होते, ते त्यांनी धागा राहिलाय असे समजून ओढले. पोत्याचे तोंड उघडावे तशी पहिली पाकळी उलगडली. घाबरून त्यांनी आणखी ओढले. दहा सेकंदांत सहाही पाकळ्या उलगडून त्यांच्या मांडीवर दोरीचा ढीग झाला आणि घुंगरू टेबलाखाली गेले.

"काय म्हणल्या मॅडम?" पुंजाजींनी विचारले.

"म्हणाल्या, हे डेकोरेशन आहे का जादूचा खेळ? आणि म्हणाल्या, चोवीस तारखेला झाडावर लावायचंय, नाही जमलं तर बाजारातून आणा."

पुंजाजींना मॅडमचे काही वाटले नाही. त्यांना वाटले ते रुखमाबाईंचे. त्या आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या त्या चेहऱ्यावर असे तेज घेऊन, की जणू माहेरचे बोलावणे आले होते. संध्याकाळपर्यंत पुष्पाबाईंच्या ओट्यावर लग्नाच्या गोष्टीला नवा भाग जोडला गेला होता. पुंजाजी गोठ्यातून ऐकत होते. "तवा नवरी सुटली, आता मॅडमच्या मांडीवर बर्फ सुटला," इथे चार बायका एकदम हसल्या. पुंजाजींना आपली गोष्ट ऐकायची सवय होती. ती लांब होत जाईल याची मात्र नव्हती. असेच चालले तर मरेपर्यंत तिला किती भाग जोडले जातील, याचा त्यांनी विचार केला आणि ते उठले.

"गजेंद्रच्या माय," दुसऱ्या दिवशी ते वहाबभाईंच्या देखत म्हणाले, "आता मी निरगाठीचं फूल करतो."

रुखमाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. "तुमी? निरगाठ?"

"हाव. अन् संक्रांतीपर्यंत ते सुटलं नाई, तं ती लग्नाची गोष्ट बंद. कायमची."

आता रुखमाबाईंनी वर पाहिले. "अन् सुटलं तं?"

"तं शाळेच्या माईकवर सांग. मी समोर खुर्चीवर बसतो."

"कोणीबी ओढून पाह्यलं तं चालते?"

"कोणीबी ओढा. कसंबी ओढा."

"संक्रांतीचं हळदीकुंकू होऊन दिवस बुडेपर्यंत?"

"दिवस बुडेपर्यंत."

"वहाबभाई, तुमी साक्षीदार," रुखमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा गहू निवडू लागल्या.

पण निरगाठ मारायची कशी? रुखमाबाईंना विचारणे शक्य नव्हते. पुंजाजी वहाबभाईंच्या दुकानात जाऊन पोत्यांच्या मागे बसले.

"अबे, हे तं लहान लेकरंबी मारतात," वहाबभाई म्हणाले. त्यांनी मारून दाखवली. पुंजाजींनी मारली. सुरगाठ झाली. पुन्हा मारली. पुन्हा सुरगाठ. डोके नीट चाले, पण शेवटच्या वळशाला उजवा अंगठा आपसूक टोकाची मुडप करून आत ढकली. बासष्ट वर्षे तो अंगठा हेच करीत आला होता.

"दोष तुहा नाई, अंगठ्याचा हाये," वहाबभाईंनी निदान केले आणि त्या अंगठ्याला फडके गुंडाळून तो तळहाताशी बांधून टाकला. पुंजाजी दोन दिवस चार बोटांनी निरगाठी शिकले. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारी, हाताला काय झाले. "सुरगाठीची सवय," वहाबभाई सांगत, आणि गिऱ्हाईक मान हलवून हळहळे.

दोर कापावाच लागला. पुंजाजींनी डोळे दुसरीकडे केले आणि वहाबभाईंनी कात्री चालवली. बारा तुकडे झाले. एकेक तुकडा दुहेरी करून कडीत ओवायचा, पाकळीला दोन तुकडे. डावीकडून एक वेढा, उजवीकडून एक वेढा, आणि टोकाला निरगाठ. राहिलेली शेपटे विंचरून मोकळी करायची. त्यासाठी त्यांनी रुखमाबाईंची फणी घेतली. ते रुखमाबाईंना पाचव्या पाकळीला कळले. त्यावर जे बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण सहावी पाकळी त्यांनी बोटांनीच विंचरली.

मग फूल ताठ राहावे म्हणून भाताच्या पेजेची खळ दिली आणि ते स्कूटीच्या आरशावर वाळत घातले. पुंजाजी समोर राखणीला बसले. तासाभराने पुष्पाबाईंची शेळी आली. तिने आधी फूल चाटले. मग एक टोक दातात धरून ओढले. सुटेना. दुसरे ओढले. सुटेना. सहाही टोके एकेक करून ओढल्यावर ती थांबली आणि तिने पुंजाजींकडे असे पाहिले, जणू हा माणूस इतक्या वर्षांची ओळख आज विसरला होता.

पुंजाजींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी गजेंद्रला फोन लावला. "शेळीनं ओढलं. सुटलं नाई." गजेंद्र शेतात ट्रॅक्टरवर होता. त्याने तीनदा विचारले, कोणाचे काय ओढले.

चोवीस तारखेला मॅडमनी ते फूल झाडावर लावण्यापूर्वी दोन्ही हातांनी ओढले. मग शाळेच्या शिपायाकडून ओढवले. फूल टिकले. नाताळची सुट्टी संपल्यावर ते घरी आले आणि पुंजाजींनी ते दर्शनी दाराच्या खिळ्याला टांगले. जाणारा-येणारा आधी टोक ओढून पाही आणि मग रामराम घाली. टपाल घेऊन येणाऱ्यानेसुद्धा ओढले. फूल तसूभर हलले नाही. आकाशातूनही काही पडले नाही, त्यामुळे हरभऱ्याचाही प्रश्न मिटला.

रुखमाबाईंनी शब्द काटेकोर पाळला. संक्रांतीपर्यंत बोलायला त्यांना बंदी नव्हती, तरी निकाल लागेपर्यंत गोष्ट सांगायची नाही असे त्यांनी ठरवले. आणि इथून पुंजाजींची पंचाईत सुरू झाली.

चार जानेवारीला रोहिणखेडहून रुखमाबाईंचे भाऊ हिंमतराव सहकुटुंब आले. पाणी झाले. चहा झाला. सगळे सरसावून बसले. हिंमतरावांच्या पत्नी तर हसू आवरायला पदर आधीच तोंडाशी घेऊन बसल्या होत्या. रुखमाबाईंनी तोंड उघडले. "लग्न लागलं..." मग त्यांनी तोंड मिटले. "अजून थोडा चहा घ्या," त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी आणखी चहा घेतला. मग कोणी तरी तुरीच्या भावाचे काढले. मग सगळे भिंतीकडे पाहू लागले. दर वेळी जेवून जाणारी मंडळी साडेचारच्या गाडीने परत गेली.

"बाईची तब्येत बरी नाई का?" हिंमतरावांनी पुंजाजींना फाटकाशी विचारले.

पुंजाजींच्या एक गोष्ट नुकतीच लक्षात आली होती. चार माणसांत बसल्यावर ते स्वतः शेहेचाळीस वर्षे एकच वाक्य बोलत आले होते: दुसरी तर टिकली ना? ते वाक्य म्हणायची जागाच आता राहिली नव्हती. दुसरे वाक्य त्यांनी कधी तयार केले नव्हते.

घरातही काही बरे चालले नव्हते. रुखमाबाई त्यांच्याशी गोड बोलू लागल्या होत्या. "चहा ठेवू का?" "पायाले तेल लावता का?" असे ऐकले की पुंजाजी दचकत.

"मी मराले टेकलो का, वहाब?" त्यांनी मित्राला विचारले. "ती मले इचारून भाजी करून राह्यली."

"तू जिंकून राह्यला बे," वहाबभाई म्हणाले. "असंच वाटते जिंकल्यावर. सवय नाई तुले."

संक्रांत आली. चौदा तारीख, बुधवार. दुपारी चारपासून ओसरी बायकांनी भरली. तिळगूळ, वाण, हळदीकुंकू. पुष्पाबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या होत्या. प्रेरणा तिचे नाव, लग्नाला दोन महिने झालेले. हातात वाण घेताना तिचे लक्ष दाराकडे गेले.

"मोठ्या आई, ते काय टांगलं दाराले? लय सुंदर हाये."

ओसरीवरच्या सगळ्या बायका रुखमाबाईंकडे पाहू लागल्या. पुंजाजी आणि वहाबभाई गोठ्यात स्कूटीच्या दोन बाजूंना बसले होते. दोघांनी कान टवकारले.

"त्याची एक गोष्ट हाये," रुखमाबाई म्हणाल्या.

"सांगा ना!"

"सांगता येत नाई, माय."

"हिनं ऐकली नाई अजून," पुष्पाबाई कळवळून म्हणाल्या. "घरात नवी आलेली पोर. काय व रुखमा, अशी कशी तू?"

"शब्द देला हाये. दिवस बुडाला का कायमची बंद." रुखमाबाईंनी हळदीची कोयरी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "तू तिळगूळ घे."

पुंजाजींनी आभाळाकडे पाहिले. सूर्य समोरच्या निंबाच्या शेंड्याला टेकला होता. अजून अर्धा तास. अर्ध्या तासाने ते जिंकणार होते, आणि मग या ओसरीवर आयुष्यभर तुरीच्या भावाचेच बोलणे होणार होते. ते उठले. बायकांच्या मधून वाट काढत दारापाशी गेले, खिळ्यावरचे फूल काढले आणि एक टोक धरून ओढले.

ते सुटले नाही. सुटणार कसे? त्यांनी जोर लावला, तर गाठ आणखी बसली. नख घातले, नख तुटले. दातांनी धरले. खळ दिलेली दोरी लाकडासारखी झाली होती. सत्तर वर्षांत निरगाठ मारली नव्हती, म्हणून सोडलीही नव्हती. सोडायची कशी ते वहाबभाईंनी शिकवलेच नव्हते.

"अबे, काय करून राह्यला?" वहाबभाई धावत आले. "जिंकला ना तू! अर्धा घंटा दम धर!"

"सुटत नाई बे!" पुंजाजी दातांतून म्हणाले. "जरा धर तिकडून!"

दोघे म्हातारे दोन पाकळ्या धरून ओसरीभर एकमेकांना ओढू लागले. वाणाचे एक ताट उलटले. बायकांना हसावे की आवरावे ते कळेना. अनुपमा मोबाइल शोधत आत पळाली.

रुखमाबाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या. अंबाड्यातला आकडा काढला. "आणा इकडं," म्हणाल्या. फूल मांडीवर घेतले, गाठ बोटांनी मागे-पुढे चोळली, खळ मोडली, आकड्याचे टोक वेढ्यात घातले आणि किंचित उचलले. चौथ्या उचलीला गाठ सैल झाली. त्यांनी ती बोटाने उलगडून टाकली.

"वहाबभाई, दिवस बुडाला काय?"

वहाबभाईंनी निंबाकडे पाहिले. "नाई बुडाला."

"गाठ सुटली काय?"

"सुटली."

रुखमाबाई भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले आणि प्रेरणाला जवळ ओढले. "लग्न लागलं रोहिणखेडले," त्या म्हणाल्या, "माह्या बापाच्या दारी."

ओसरीने सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवशी गोष्ट अशी रंगली, की तशी कधी रंगली नव्हती. मंगलाष्टके, खाली गेलेला हात, तिसरा फेरा, होमाभोवती एकटेच फिरणारे पुंजाजी. प्रेरणा हसून हसून पुष्पाबाईंच्या अंगावर कलंडली. पुंजाजी दाराला टेकून उभे होते. एका महिन्याने त्यांची वेळ आली होती. त्यांनी घसा साफ केला.

"दुसरी तर टिकली ना?"

इतर वेळी इथे कपबशा गोळा होत. आज रुखमाबाईंच्या हातात अंबाड्याचा आकडा होता.

"टिकली," त्या म्हणाल्या. "काऊन टिकली ते सांगते. यायनं दुसरीबी सुरगाठच मारली. म्हटलं आता हे पुन्हा सुटते अन् हा माणूस असाच फिरत राह्यते. म्या शालूच्या खाली हात घातला अन् त्याच्यावर निरगाठ मारली. एक नाई, दोन."

पुंजाजींनी दाराचा टेका सोडला.

"सासूबाईनं कात्रीनं कापली, ते गाठ माही होती," रुखमाबाई म्हणाल्या.

वहाबभाई स्कूटीपाशी गेले, सीटवर डोके टेकले आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले.

"मंग शेहेचाळीस साल बोलली काऊन नाई?" शेवटी पुंजाजींनी विचारले.

"तुमाले चार माणसांत बोलाले तेवढं एकच होतं," रुखमाबाईंनी आकडा पुन्हा अंबाड्यात खोचला. "तेबी घेऊ काय?"

पुंजाजींनी रुखमाबाईंच्या मांडीवरचे फूल उचलून घेतले. एक पाकळी लोंबत होती. ते खिळ्यापाशी गेले, पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ काही तरी करीत होते. ते बाजूला झाले तेव्हा सहाही पाकळ्या जागेवर होत्या. प्रेरणाने हळूच जाऊन टोक ओढून पाहिले. सुटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमाला शाळेत जायला अकरा मिनिटे उशीर झाला. स्कूटीच्या दाव्याला निरगाठ होती, आणि ती सोडता येणारी घरातली एकुलती एक बाई अंघोळीला गेली होती.